‘मला नाही बाई थंडी वाजत!’

दिवाळीचा आकाशकंदील उतरवून माळ्यावर ठेवला, की आपली थंडीची तयारी सुरू होते. गोधड्या उन्हात पडतात, ट्रंकेतले स्वेटर डांबरगोळ्यांच्या वासासकट बाहेर येतात, मुलांच्या ओठांना तूप आणि टाचांच्या भेगांना कोकमतेल काढून ठेवलं जातं. मग एखाद्या सकाळी वर्तमानपत्रात निफाडचा पारा कितीवर उतरला तो आकडा दिसतो आणि आम्ही नाशिककर म्हणतो, ‘आली हो थंडी!’ या गडबडीत आपलं मुलांकडे लक्ष असतं, मुलांच्या बाबांकडेही असतं. मागे राहतात ती घरातली वडील माणसं. आपण विचारतो, ‘आई, शाल देऊ का?’ आणि उत्तर ठरलेलं असतं, ‘छे गं, मला नाही बाई थंडी वाजत!’

आज मला या एका वाक्याबद्दलच लिहायचं आहे. आपल्याला वाटतं, सुनेला त्रास नको म्हणून त्या असं म्हणत असतील. कधी तसंही असतं. पण पुष्कळदा ते अगदी खरं असतं, त्यांना खरोखरच थंडी वाजत नसते. आणि काळजी करायची ती इथेच.

वय वाढलं, की अंगातले स्नायू आणि कातडीखालची चरबी दोन्ही कमी होतात. शरीरात ऊब तयार करण्यात स्नायूंचा वाटा मोठा, आणि ती धरून ठेवते चरबी. त्यातच थंडीची जाणीव बोथट होते. तुम्ही-आम्ही गारठलो की लगेच कुडकुडतो, उठून स्वेटर घालतो. सत्तरीच्या माणसाला तो इशारा उशिरा मिळतो, कधी मिळतच नाही. मधुमेह, थायरॉईडचा आजार किंवा पूर्वी होऊन गेलेला अर्धांगाचा झटका असेल, झोपेची गोळी चालू असेल, तर आणखीच. अंगाचं तापमान ९५ अंश फॅरनहाइटच्या (म्हणजे ३५ सेल्सिअसच्या) खाली गेलं, की ती धोक्याची अवस्था समजतात. त्यासाठी काही हिमालयात जावं लागत नाही. पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या घरात, फरशीवर बसून दोन तास पेपर वाचणाऱ्या अशक्त माणसाचंही अंग हळूहळू थंड पडू शकतं. आपल्याकडे हे क्वचित घडतं, पण वडील माणूस आजारातून उठलेलं असेल किंवा गावी एकटं राहत असेल, तर लक्षात ठेवायला हवं.

म्हणून मी विचारत बसत नाही, चहाचा कप देता देता पाठीला किंवा पोटाला कपड्याच्या आतून हात लावून पाहते. हातपाय गार असणं थंडीत साहजिक आहे. पाठ-पोट गार लागलं तर मात्र शाल देऊ का, हा प्रश्नच उरत नाही, ती अंगावर घालायची. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ साली घरांसंबंधी ज्या शिफारशी केल्या, त्यांत थंडीत घराचं तापमान १८ अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ नये असं म्हटलं आहे. आपल्याकडे काही घरोघरी हीटर नसतात. पण भिंतीवर टांगायचा साधा तापमापक फार महाग नसतो. आजी-आजोबांच्या खोलीत तो लावला, तर पहाटेचा आकडा पाहून आपल्यालाच आश्चर्य वाटेल. मग निदान पलंग खिडकीखालून हलवणं, फरशीवर सतरंजी अंथरणं, संध्याकाळी ऊन उतरायच्या आत खिडक्या लावून घेणं, एवढं तर सुचतंच.

आता पहाटेविषयी. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब चढतो. उतारवयात रक्तवाहिन्या आधीच ताठर झालेल्या असल्यानं हा चढ त्यांना जास्त जाणवतो. शिवाय झोपेतून उठण्याच्या सुमारास रक्तदाब तसाही वर जात असतो. हृदयविकाराचे आणि मेंदूचे झटके हिवाळ्यात जास्त, आणि दिवसात पाहिलं तर सकाळच्या वेळी जास्त येतात. आणि नेमके याच वेळी आपले घरोघरीचे आजोबा कानटोपी चढवून, काठी घेऊन, अंधारात फिरायला निघतात! वीस वर्षांचा नेम असतो, तो मोडायचा कसा? त्यातून पहाटे थंड हवा जमिनीलगत बसून राहते आणि शेकोट्यांचा, पाला-कचरा जाळण्याचा धूर तिच्यातच कोंडतो. ज्याला ‘ताजी हवा’ म्हणायचं, ती त्या वेळी दिवसातली बरीच वाईट हवा असते. दमेकऱ्यांना तर विचारूच नका.

पण हे आजोबांना सांगायचं कसं? ‘बाबा, या वयात पहाटे जाऊ नका’ असं सुनेनं म्हटलं, की झालं! ते दुसऱ्या दिवशी आणखी अर्धा तास आधी निघतील. माझ्या पाहण्यात दोन गोष्टी उपयोगी पडतात. एक म्हणजे, हे सुनेनं न सांगता त्यांच्या डॉक्टरांनी सांगावं. पुढच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांच्या कानावर आधीच घालून ठेवा. आणि दुसरं, फिरणं बंद करायला न सांगता आठनंतरचं एखादं काम त्यांच्याकडे सोपवा. दूध, भाजी, बँकेत पासबुक भरून आणणं, काहीही. काम सोपवलेलं माणसाला आवडतं, अडवलेलं आवडत नाही. आमच्या कॉलनीतल्या आजोबांच्या कट्ट्यानं आता हिवाळ्यापुरती वेळ साडेआठची केली आहे. एकानं बदलली, मग बाकीचे आपोआप आले, कारण गप्पांशिवाय फिरणं त्यांना तरी कुठे गोड लागतं?

आजींचा प्रश्न वेगळा. त्यांना पहाटे आंघोळ हवी. पारोशानं देवाला हात लावायचा नाही, पारोशानं चहा नाही. कार्तिकातली काकडआरती, मार्गशीर्षातले गुरुवार, मग धनुर्मास, सगळा हिवाळा हा असाच पहाटे उठण्याचा. मला यात कुणाच्या श्रद्धेला धक्का लावायचा नाही. पण पहाटे पाचची गार मोरी, त्यात कढत पाणी आणि बाहेर आल्यावर पुन्हा गारठा, ही उलटापालट म्हाताऱ्या शरीराला सोसत नाही. कढत पाण्यानं रक्तवाहिन्या एकदम सैलावतात, रक्तदाब उतरतो, उभं राहताच घेरी येते. मोरीत पडून खुब्याचं हाड मोडणं म्हणजे काय, हे ज्या घरानं पाहिलं आहे त्याला सांगायला नको.

आंघोळ नऊ-दहाला झाली तर सगळ्यांत बरं. तोवर तोंड-हातपाय धुऊन, धूतवस्त्र नेसून देवापुढे निरांजन लावता येतं, असं बऱ्याच जुन्या बायका स्वतःच मान्य करतात. फक्त तशी मोकळीक त्यांना कुणी दिलेली नसते. पहाटेच करायची असेल, तर आधी बादलीभर गरम पाणी ओतून मोरीची फरशी उबदार करा. पाणी कोमट ठेवा. कोपरानं तपासा, तान्ह्या बाळाचं तपासतो तसं. बसायला पाटाऐवजी जरा उंच, न घसरणारं स्टूल द्या, भिंतीला धरायला दांडा बसवून घ्या. टॉवेल आणि कपडे आतच हाताशी असावेत. आणि आतून कडी लावायची नाही, नुसतं दार लोटायचं. तेल लावून आंघोळ करायची पद्धत चांगली असली, तरी तेलकट पावलं आणि ओली फरशी यांचं गणित लक्षात घ्या. आमच्याकडे तेल आंघोळीनंतर, अंग ओलसर असतानाच लावायचं असा नियम केला आहे. कातडी मऊ राहते, खाज येत नाही, आणि तळपायांना तेल लावायचं ते रात्री पलंगावर, वर मोजे चढवून.

याच जागी एक गोष्ट ठासून सांगते. गॅसचा गीझर बंद न्हाणीघरात असेल, तर तो आधी बाहेर बसवून घ्या. तोपर्यंत निदान खिडकी उघडी ठेवून बादल्या भरून घ्या, गीझर बंद करा आणि मगच माणसाला आत जाऊ द्या. कोंडलेल्या जागी गॅस जळताना कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होऊ शकतो. त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, आणि मग माणूस बेशुद्ध पडतं. बाहेरच्यांना वाटतं, आंघोळीला वेळ लागतोय. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपण्याचाही हाच धोका. बाळंतिणीची शेगडी आपण सगळ्यांनी पाहिली आहे, पण ती खिडक्या-दारं हवेशीर असलेल्या जुन्या घरांतली. आजच्या घट्ट बंद होणाऱ्या खिडक्यांच्या फ्लॅटमध्ये निखारे रात्रभर ठेवायचे नाहीत, म्हणजे नाहीत.

शेकायच्या रबरी पिशवीचंही तसंच. ती अंथरुणात आधी ठेवून अंथरूण ऊबदार करा आणि झोपताना काढून घ्या. मधुमेह्यांच्या पायांना जाणीव कमी असते. पिशवी रात्रभर पायांशी राहते, सकाळी फोड दिसतो, आणि ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही.

पाण्याविषयी आपण उन्हाळ्यात बोलतो, खरं तर हिवाळ्यातही बोलायला हवं. म्हातारपणी तहानेची जाणीव कमी होते, थंडीत ती आणखी कमी होते. शिवाय रात्री उठायला लागू नये म्हणून आजी मुद्दाम पाणी टाळतात. गुडघे दुखतात, संडास लांब असतो, अंधारात भीती वाटते, आणि हे त्या बोलून दाखवत नाहीत. मग बद्धकोष्ठ, लघवीची जळजळ, चक्कर हे सगळं मागोमाग येतं. उपाय म्हणजे सकाळपासून दुपारपर्यंत थोडंथोडं कोमट पाणी, पातळ सार, कढण, ताजं सूप पुढे करत राहायचं आणि संध्याकाळनंतर हात आखडता घ्यायचा. रात्रीचा मंद दिवा आणि उठल्यावर पलंगाच्या कडेला मिनिटभर बसूनच उभं राहायची सवय. जमलं तर खोलीतच कमोडची खुर्ची. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून सांगितलं आहे, त्यांनी अर्थात डॉक्टरांचंच ऐकायचं.

खाण्याबाबत मी फार शिकवणार नाही, आपल्या आज्यांनी ते आधीच बसवून ठेवलं आहे. बाजरी, तीळ, गूळ, लसूण, मेथी, हरभऱ्याचा ओला पाला, सगळं ऋतूचंच. धनुर्मासात सूर्योदयाला गरम खिचडी किंवा बाजरीची भाकरी-लोणी खायची पद्धत होती, ती रात्रभराच्या उपाशी, गारठलेल्या शरीरासाठी किती शहाणपणाची आहे पाहा. फक्त कवळीकडे लक्ष द्या. तिळाची वडी आणि डिंकाचा लाडू कितीही पौष्टिक असला, तरी चावता आला नाही तर त्याचा काय उपयोग? लाडू कोमट दुधात कुस्करून द्या, तीळ भाजून कूट करून भाकरीच्या पिठात मळा. भाकरी गरम दुधात किंवा आमटीत चुरली की झालं. आणि मधुमेह असलेल्यांच्या बाबतीत ‘गुळाचं चालतं हो’ हा गैरसमज कृपा करून सोडा. गूळही साखरच. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर पालेभाजी बंद करायची गरज नसते, पण एक आठवडा अजिबात नाही आणि दुसऱ्या आठवड्यात रोज वाटीवाटी, असंही करायचं नाही. त्या गोळीचा परिणाम कमी-जास्त होतो. राहिलं ऊन. सकाळचं कोवळं ऊन ऊब देतं, पण ‘ड’ जीवनसत्त्वासाठी दहा-अकराच्या पुढचं ऊन हवं, आणि तेही काचेआडून नको. वाल-पावटे सोलायला, मटार निवडायला आजींना त्या वेळी अंगणात किंवा गच्चीवर बसवलं, की दोन्ही कामं होतात.

औषधांबाबत तीन गोष्टी पाळाच. रक्तदाबाची गोळी स्वतःहून वाढवू किंवा कमी करू नये. घरी यंत्र असेल तर आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटं शांत बसवून, ठरलेल्या वेळी मोजा आणि वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा. सर्दीची गोळी दुकानातून परस्पर आणू नका. नाक मोकळं करणाऱ्या बऱ्याच गोळ्यांनी रक्तदाब चढतो आणि प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची लघवी अडू शकते. सांधे दुखतात म्हणून रोज वेदनाशामक घेणंही तसंच घातक, मूत्रपिंडावर ताण येतो आणि रक्तदाबही वाढतो. फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोनियाची लस, या दोन्हींविषयी डॉक्टरांना आवर्जून विचारा. आणि ती चमचाभर ब्रँडी! तिनं ऊब आल्यासारखं वाटतं, कारण रक्त कातडीकडे धावतं, पण त्यामुळे शरीरातली ऊब बाहेरच जाते.

आता सर्वांत महत्त्वाचं, पुन्हा आपल्या त्या वाक्यासारखंच. म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनिया झाला तरी ताप येईलच असं नाही. खोकलाही फार नसतो. दिसतं ते इतकंच, की आजींनी आज चहा तसाच ठेवला. निरांजन दोनदा लावलं. नातवाला मुलाच्या नावानं हाक मारली. दिवसभर झोपून आहेत. आपण म्हणतो, ‘वय झालं.’ पण काल अशा नव्हत्या ना? एका दिवसात आलेला गोंधळ म्हणजे वय नव्हे, तो आजार असू शकतो. त्या शांत बसलेल्या असताना त्यांच्या छातीकडे पाहून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. बारा ते वीस साधारण समजतात. चोवीस-पंचवीसच्या पुढे गेला, तर उद्यावर ढकलू नका. अंग गार, बोलणं जड, सुस्ती असं दिसलं, तर कोरड्या गरम पांघरुणात गुंडाळा, पूर्ण शुद्धीत असतील तरच गरम गोड पेय द्या, हातपाय जोरानं चोळू नका आणि डॉक्टरांना बोलवा. तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोबडी वळली, किंवा छातीत भरून आलं आणि घाम फुटला, तर ‘थंडीनं असेल, गॅस असेल’ म्हणत ओवा देत बसू नका. १०८ ला फोन करा. मेंदूच्या झटक्यात गुठळी विरघळवण्याचं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि तपासण्यांचा वेळही त्यातच जातो. शेवटचं बरं केव्हा पाहिलं होतं, ती वेळ लक्षात ठेवा. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.

हे सगळं वाचून एखादी म्हणेल, सकाळचे डबे, मुलांची शाळा, आपली नोकरी, त्यात हे कधी करायचं? मला पटतं. पहाटेचे जे तास वडीलधाऱ्यांना नाजूक, तेच आपल्या धावपळीचे. म्हणून रक्तदाबाची वही आपल्याकडे नको, ती मुलाकडे असावी. आई-वडील त्यांचेच आहेत, आठवड्यातून दोनदा दहा मिनिटं बसायला कुणाची हरकत नसावी. नातवंडांना श्वास मोजायला आवडतं, घड्याळ घेऊन बसतात. त्या निमित्तानं आजोबांच्या जवळ तरी जातात.

अहिल्यानगरच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांच्या सासूबाई नऊवारी नेसतात, पदरावर स्वेटर ‘बरं दिसत नाही’ म्हणून घालत नाहीत, आणि शाल कामात सारखी घसरते. काय करावं? स्वेटरचा हट्ट सोडून द्यावा. आतून पातळ गरम बनियन आणि वर लोकरीचा, पुऱ्या बाह्यांचा, पुढून बटणांचा ब्लाउज शिवून किंवा विणून द्यावा. मान आणि मनगटं झाकली जातील असा बेतावा, म्हणजे पदर नीट चोपून बसतो. एका जाड कपड्यापेक्षा दोन पातळ थर जास्त ऊब धरतात. लुगड्याच्या आतून सुती-लोकरी पायजमा घालता येतो, दिसत नाही. मोजे घसरू नयेत म्हणून तळाला रबरी ठिपके असलेले घ्यावेत, आणि बटणं मोठी लावावीत, बोटं आखडलेली असताना लहान बटणं लागत नाहीत. रंग मात्र त्यांनाच निवडू द्या.